चौथे फूल

बक्षिसे देणे हा माझ्या पेशाचा भाग आहे, घेणे नव्हे. वीस-बावीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. या काळात वक्तृत्व, निबंध, काव्यवाचन, हस्ताक्षर, रांगोळी आणि एकदा तर पाककलेच्या स्पर्धेतही मी परीक्षकाच्या खुर्चीवर बसले आहे. (पाककलेला मराठीच्या प्राध्यापिकेला का बोलावले, ते मला अखेरपर्यंत कळले नाही. बहुधा पदार्थांची नावे शुद्ध लिहिली आहेत की नाहीत ते पाहायला असावे.) ही खुर्ची मोठी सुखाची असते. समोरचा मुलगा घामाघूम झालेला असतो आणि आपण चहाचा घोट घेत घेत 'आशय सहा, उच्चार पाच' असे मांडत असतो. टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्याला काय वाटते, हे मी केव्हाच विसरून गेले होते. ते मला २०२५ च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी सात वाजता, एका मंगल कार्यालयात पुन्हा आठवले. तेव्हा माझ्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात जास्वंदीची फांदी होती, आणि दोन्ही हात थरथरत होते.

स्पर्धा होती पुष्परचनेची. पुण्यात जानेवारी हा फुलांच्या प्रदर्शनांचा महिना. थंडी पडलेली असते. गुलाब, शेवंती, डेलिया, ॲस्टर यांना बहर असतो, आणि एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला माणसांची ही गर्दी लोटते. मी उतरले ते प्रदर्शन मात्र एवढे थोर नव्हते. आमच्याच भागातल्या बागप्रेमी मंडळींनी भरवलेले, दोन दिवसांचे. पण त्याचेही छापील पत्रक होते, पत्रकात अकरा वर्ग होते, प्रत्येक वर्गाला नियम होते आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षाही होती. ती काय असते ते पुढे सांगते, कारण ती मी भोगली आहे.

या फंदात मी पडले ती डॉक्टरांमुळे. त्याआधीच्या पावसाळ्यात त्यांनी माझा रक्तदाब मोजला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, तुम्हाला छंद काय?"

"वाचन," मी म्हटले.

"तो धंदा झाला. छंद सांगा."

मला सांगता येईना. शेवटी जवळच एक बाई शनिवारी दुपारी इकेबाना शिकवतात, तिथे नाव घातले. आमचे हे म्हणाले, "फुलं भांड्यात खोचायला आठ आठवडे?" मीही मनातून तेच म्हणत होते. फक्त तसे कबूल करायची सोय नव्हती, कारण फी भरून झाली होती.

पहिल्या शनिवारी बाईंनी फुलाला हातच लावू दिला नाही. आधी पट्टी काढायला लावली. भांडे पसरट, २५ सेंटिमीटर व्यासाचे, ५ सेंटिमीटर उंच. बेरीज ३०, तिची दीडपट ४५. एवढी लांब पहिली फांदी. दुसरी तिच्या पाऊणपट, म्हणजे ३४. तिसरी दुसरीच्या पाऊणपट, म्हणजे २५. पहिली उभ्या रेषेपासून १५ अंश कललेली, दुसरी ४५ अंश, तिसरी ७५. त्यांची नावे शिन, सोए आणि हिकाए. भांड्याच्या तळाशी पितळी काट्यांची एक जड चकती असते. आपल्याकडे तिला पिनहोल्डर म्हणतात, जपानी लोक केन्झान म्हणतात. तिच्यात फांदी आधी सरळ रोवायची आणि मग हव्या त्या कोनात कलती करायची. देठ कापायचा तो पाण्याखाली धरून, म्हणजे त्यात हवा शिरत नाही आणि फूल पाणी ओढत राहते. शाळेत भूमितीत मला काठावर गुण मिळत असत. चाळिशी उलटल्यावर कोनमापक पुन्हा हातात येईल, आणि तोही जास्वंदी-शेवंतीसाठी, असे कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

आमच्या बाई सोगेत्सु पंथाच्या. हा पंथ सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ साली काढला. त्यांचा मुलगा हिरोशी हा सिनेमाचा दिग्दर्शक. 'वूमन इन द ड्यून्स' हा १९६४ सालचा त्याचा चित्रपट जगभर गाजला, आणि १९८० मध्ये तो या फुलांच्या पंथाचा प्रमुख झाला. हे ऐकून मला फार बरे वाटले. सिनेमा काय, कविता काय नि फुले काय, नेमके कुठे कापायचे ते कळले पाहिजे. मी वर्गात हेच तर सांगत आले आहे. मुलांच्या निबंधातली विशेषणे मी इतक्या निर्दयपणे छाटते की माझ्या लाल पेनाला मुलांनी 'कोयता' असे नाव ठेवले आहे.

पण जास्वंद किंवा शेवंती हातात आली की माझी कात्री चालेना. बाई म्हणायच्या, "पान काढा. अजून काढा. आता जे उरलंय त्यातलं निम्मं काढा." मी एक पान काढीत असे आणि दुसरे मागे दडवीत असे. आठ शनिवारांपैकी पाच असेच गेले. सहाव्या शनिवारी घरी परत येताना मला याचे कारण सापडले, आणि तेही माझ्याच विषयात सापडले, म्हणून इथे सांगते.

मराठीत फूल कोणी कापीत नाही. आपण फूल तोडतो, खुडतो किंवा वेचतो. जास्वंद तोडायची, अबोली खुडायची, बकुळ नि प्राजक्त वेचायचा. कापणे हे क्रियापद भाजीचे, केसांचे आणि खिशाचे. फुलाशी ते जुळत नाही, कारण आपल्याला देठाशी कर्तव्यच नसते. आपली फुले जातात कुठे? देवाला, केसांत, हारात, तोरणात. मोगरा, जाई, जुई, झेंडू, शेवंती ही सगळी दोऱ्यात ओवायची फुले. परडी भरून घरी येतात ती देठावेगळी होऊनच. हार, गजरा, वेणी, माळ, सर, तोरण, जाळी एवढे शब्द आपल्याकडे आहेत. पण लांब देठाचे फूल पाण्यात उभे करून त्याकडे नुसते बघत बसणे, याला घरगुती शब्दच नाही. 'पुष्परचना' हा पत्रकातला शब्द. घरात आपण 'फ्लॉवरपॉट लावला' म्हणतो. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीतही पाहिले, तर पुष्पास्तरण आहे, म्हणजे फुले पसरणे; माल्यग्रथन आहे, म्हणजे गुंफणे; शेखरक नि आपीड आहेत, म्हणजे डोक्यावर धारण करायचे फुलांचे अलंकार. अंथरा, गुंफा, माळा. उभे करा असे त्यात कुठे आढळत नाही. तेव्हा माझी कात्री अडत होती ती माझ्या एकटीची नव्हती. हे मी बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, "छान. ते डावीकडचं पान काढा."

आता घरातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमचे घर म्हणजे कोथरूडमधला जुना, बसका बंगला. सासऱ्यांनी १९७४ साली बांधलेला. बंगल्यापेक्षा भोवतालची बाग मोठी, आणि ती सगळी सासूबाईंची. सोनचाफा, प्राजक्त, अनंत, कुंपणाला गुलबक्षी, विहिरीच्या जागी आता असलेल्या टाकीशेजारी कर्दळ, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जास्वंद. साध्या पाच पाकळ्यांची, लालभडक. तिची पहिली फांदी सासूबाईंनी माहेरून, रहिमतपूरहून, ओल्या फडक्यात गुंडाळून एस. टी.ने आणली होती. आज त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. बागेचे त्यांचे कायदे ठरलेले. संध्याकाळी फूल तोडायचे नाही. कळी तोडायची नाही. झाड ओरबाडायचे नाही. दोन तरी फुले झाडाला ठेवायची. आणि प्राजक्त सोडला तर जमिनीवर पडलेले देवाला चालत नाही.

२०२४ च्या दिवाळीत बंगला पाडून तिथे इमारत उभी करण्याचे ठरले. भिंतींना ओल आली होती, दीर परदेशी, छपराच्या दुरुस्तीचा खर्च झेपेना. कारणे सगळी खरी होती. सासूबाईंनी कागद वाचले, सही केली, पेन झाकण लावून परत दिले आणि देवघरात गेल्या. त्या विषयावर नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्यावर त्यांनी आदळआपट केली असती, तर आम्हाला सोपे गेले असते. डिसेंबरात सोनचाफ्याच्या बुंध्यावर महापालिकेची नोटीस चिकटवली गेली. १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरातले झाड तोडायचे तर आधी अशी नोटीस लावून हरकती मागवतात. सासूबाई तिथे गेल्या, चष्मा लावून त्यांनी नोटीस वाचली आणि विचारले, "जास्वंदीला नाही लावली?"

"ते झुडूप आहे, आई. झुडपाला लागत नाही."

"म्हणजे ती मोजतच नाहीत," त्या म्हणाल्या आणि पाण्याची झारी उचलली.

त्या दिवशी मी प्रदर्शनाचा फॉर्म भरला. वर्ग पाचवा : 'तीन फुले व हवी तेवढी पाने.' फुले घरच्या बागेतली असल्यास तसे लिहावे, असा एक रकाना होता. मी त्यात 'घरची जास्वंद' असे लिहिले. मनात हिशेब असा होता की बक्षीस मिळेल, फोटो निघेल, आणि घर जाण्याआधी त्या जास्वंदीची कुठे तरी नोंद होईल. कोणीतरी तिला मोजील. मी आजवर हे कोणाजवळ बोलले नव्हते.

आमच्या बाईंनी फॉर्म पाहून कपाळाला हात लावला. "अहो, जास्वंद? ती एका दिवसात मिटते! दुपारी परीक्षण लांबलं तर तुमच्या भांड्यात नुसत्या वाती राहतील. जर्बेरा घ्या, ग्लॅडिओलस घ्या. आठ दिवस हलत नाहीत."

बाईंचे खरे होते. तळेगावच्या हरितगृहांतला गुलाब नि जर्बेरा मार्केट यार्डात केव्हाही मिळतो आणि टिकतोही खूप. पण मीही तयारीने गेले होते. ओकाकुरा काकुझो या जपानी पंडिताचे १९०६ सालचे 'बुक ऑफ टी' हे पुस्तक मी वाचून काढले होते. (हा गृहस्थ १९०१-०२ मध्ये आपल्याकडे येऊन स्वामी विवेकानंदांना नि रवींद्रनाथांना भेटून गेला होता.) त्यात चहाचा महागुरू रिक्यू याची गोष्ट आहे. रिक्यूच्या बागेत पहाटे फुलणाऱ्या एका वेलीला बहर आला होता. आपल्या गारवेलीच्या जातीतली ही वेल. सत्ताधीश हिदेयोशीने ते ऐकले आणि एका सकाळी तो बहर पाहायला आला. पाहतो तो बागेत एक फूल नाही, सगळी साफ! रागारागाने तो चहाच्या खोलीत शिरला. तिथे एका भांड्यात त्या वेलीचे एकच फूल ठेवलेले होते.

"तेही एका सकाळचंच फूल होतं, बाई," मी म्हटले. "आणि जास्वंदीची सख्खी बहीण आहे तिकडे, मुकुगे. तीही संध्याकाळी मिटते. चहाच्या खोलीत तीच लावतात. रिक्यूच्या नातवाच्या नावानं तिची एक जात ओळखतात, सोतान-मुकुगे. पांढरी, मधे लाल डोळा."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "मराठीच्या बाईंना शिकवणं कठीण," त्या म्हणाल्या. "बरं. पण सकाळी कापा, अर्धवट उमललेली. आणि पानं काढा."

सासूबाईंची परवानगी काढणे त्याहून अवघड होते. मी त्यांना सांगितले की ही कलाच मुळी देवळातली आहे. क्योतोच्या रोक्काकुदो देवळातले भिक्षू बुद्धापुढे फुले ठेवीत. त्यातूनच इकेनोबो हा सर्वांत जुना पंथ झाला. १४६२ च्या एका रोजनिशीत नोंद आहे की सेन्केई नावाच्या भिक्षूने लावलेली फुले पाहायला क्योतोचे रसिक धावत असत.

"मग बुद्धापुढेच ठेव," सासूबाई म्हणाल्या. "परीक्षकापुढे कशाला?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण रविवारी पहाटे सहा वाजता मी कात्री घेऊन मागल्या दारी गेले, तर त्या शाल गुंडाळून आधीच तिथे उभ्या. त्यांनीच बॅटरी धरली. कुठली फांदी घ्यायची तेही त्यांनीच दाखवले. मी कात्री लावली तेव्हा त्यांनी बॅटरी दुसरीकडे वळवली. तीन फांद्या निघाल्या. सर्वांत लांब फांदीवर अर्धवट उमललेल्या फुलाच्या वर, शेंड्याजवळ, एक लांबट लाल कळी होती.

"ती काढू नकोस हं," त्या अंधारातून म्हणाल्या. एवढेच.

मंगल कार्यालयात शिरले आणि माझी छाती दडपली. लांबच लांब टेबले, त्यांवर पांढऱ्या चादरी, प्रत्येकाला तीन फुटांची जागा आणि समोर नंबराचे कार्ड. बादल्या, पाण्याचे फवारे, तारा, दोरे, वाळक्या फांद्या. कोणी कोणाशी बोलत नव्हते. पण सगळ्या एकमेकींच्या टेबलांकडे बघत होत्या, न बघितल्यासारखे करून. परीक्षेच्या हॉलमध्ये मी इतकी वर्षे मुलांच्या ज्या नजरा पकडत आले, तीच नजर. माझ्या डावीकडच्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या टाइमरला चावी देऊन ठेवली होती. उजवीकडे एक बँकेतला तरुण होता. त्याच्याजवळ तीन पिवळ्या शेवंती, एक शेवग्याची वाळून करकरीत झालेली शेंग आणि एक काळे मातीचे भांडे, एवढेच सामान. मला त्याची जराशी कीवच आली.

फुले खोचायची ती हिरवी स्पंजासारखी वीट इथे चालत नव्हती. ती एक प्रकारचे प्लास्टिकच असते, चुरा होऊन मातीत-पाण्यात राहते. इंग्लंडातल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत ती बंद केली, आणि आमच्या मंडळींनीही तो नियम उचलला होता. मला त्याचे काही नव्हते. माझी काट्यांची चकती माझ्याजवळ होती.

पहिली फांदी ४५, कोन १५. बसली. दुसरी बसली. तिसरी तीनदा पडली आणि चौथ्यांदा बसली. मग पाने. आदल्या रात्री उशीवर पडल्या पडल्या मी जी पाने काढायची ठरवली होती, ती मी खरोखरच काढली. एक, दोन, सहा, अकरा. मागे सरकून पाहिले तर काय सांगू! ती रोजची जास्वंद नव्हतीच. ताटात, परडीत, गणपतीच्या सोंडेवर जिला मी पंचवीस वर्षे पाहत होते, तिला एक पाठीचा कणा होता, आणि तो मी आज प्रथम पाहत होते. फांदी खालून जराशी डावीकडे झुकते आणि मग फुलाच्या ओझ्याने परत वळते. फुलातून बाहेर डोकावणारा परागांचा दांडा अगदी त्याच दिशेला वळलेला. हे तिला कोणी शिकवले होते?

राहिली कळी. रचनेच्या दृष्टीने ती नको होती. शिनच्या शेंड्यावर ती एक बोट वर निघाली होती, आणि नजर फुलावर न थांबता तिच्याकडे जात होती. मला ते स्पष्ट दिसत होते. मी कात्री तिच्या देठाशी नेली, परत घेतली. पुन्हा नेली. मग मी हॉलच्या टोकाला असलेल्या चिटणीसबाईंकडे गेले आणि विचारले, "कळी मोजतात का?"

"मिटलेली असेल तर फुलांत धरत नाही," त्या म्हणाल्या. "पण स्पर्धक स्वतःच काढतात शक्यतो."

मी परत येऊन पाण्याचा फवारा मारला, कात्री पिशवीत ठेवली आणि नऊ वाजता हॉलबाहेर पडले.

परीक्षण साडेदहाला सुरू व्हायचे होते. कॉलेजातल्या एका सहकारिणीबरोबर मी समोर चहा घेतला, तोही दोनदा. थंडी कमी झाली होती. ऊन चांगले चढले होते. मी तिला रिक्यूची गोष्ट सांगत होते. जास्वंद थंडीत उशिरा उमलते हे मला ठाऊक होते, म्हणून तर अर्धवट उमललेली फुले घेतली होती. पण हॉलमध्ये दिवे असतात, दोनशे माणसांची ऊब असते, आणि जास्वंदीला घड्याळ कळत नसले तरी ऊब कळते, एवढा सरळ विचार मराठीच्या एका एम. ए. बाईच्या डोक्यात आला नाही.

साडेबाराला दारे उघडली. मी माझ्या नंबरापाशी गेले. भांड्यापुढे एक पिवळी चिठ्ठी होती : 'रचना पत्रकाप्रमाणे नाही.' गुण नाहीत. परीक्षणातूनच बाद. हीच ती शिक्षा.

मी फुले मोजली. एक, दोन, तीन. आणि शेंड्यावर, सगळ्यांत उंच, सगळ्यांत मोठे, पाकळ्या मागे टाकून पुरते उमललेले चौथे.

परीक्षकबाई सत्तरीच्या होत्या, आवाज मऊ. त्यांनी मला शोधून काढले, हे त्यांचे सौजन्य. बाद केलेल्या स्पर्धकाला परीक्षकाने आपण होऊन भेटायचे असते, हे मला बावीस वर्षांत एकदाही सुचलेले नव्हते.

"तुमच्या टेबलाशी आम्हाला यायला सव्वाअकरा झाले," त्या म्हणाल्या. "चार होती. मी दोनदा मोजली."

"नऊला मिटलेली होती."

"असेल ना. पण नऊला तुम्हाला ती दिसली होती?"

"हो."

"मग काढली का नाहीत?"

परीक्षा घेताना मुले कधी कधी प्रश्न ऐकून नुसती उभी राहतात. त्यांना उत्तर येत नसते असे नाही. ते त्या हॉलमध्ये सांगण्यासारखे नसते. मी तशी उभी राहिले. बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

पहिले बक्षीस त्या बँकेतल्या तरुणाला मिळाले. आणि ते योग्यच होते, असे मी आज सांगते; त्या दिवशी सांगितले नसते. शेवग्याची ती वाळकी शेंग त्याने भांड्यातून अशी उभी केली होती की पायथ्याच्या तीन शेवंती तिच्या सावलीत बसल्यासारख्या वाटाव्यात. तिसरी शेवंती त्याने पाठमोरी लावली होती. तिच्या पाकळ्यांची मागची फिकट बाजू दिसत होती. पुढे टेबले पुसून होईस्तोवर आम्ही बोलत होतो. शेंग घरात फेकायच्या टोपलीत सापडली, असे तो म्हणाला. त्याची मला सकाळी कीव आली होती, हे मी त्याला सांगितले नाही.

चार वाजता आमचे हे सासूबाईंना रिक्षाने घेऊन आले. मी नको म्हणून फोन केला होता. कन्येने तो आजीला दिलाच नाही. तोवर खालची तीन फुले मिटायला लागली होती. पाकळ्या आत वळल्या होत्या, दांडे लोंबले होते. बाई म्हणाल्या त्या वातीच. चौथे तेवढे अजून ताठ होते. सासूबाईंनी चष्मा लावला आणि चिठ्ठी वाचली. सोनचाफ्यावरची नोटीस वाचली होती तशीच, सावकाश.

"पत्रकाप्रमाणे नाही म्हणजे काय गं?"

"तीन हवी होती, आई. चार झाली."

"चौथं कुठलं?"

मी बोट दाखवले. त्या पुढे वाकल्या. परीक्षकांनी मोजली असतील तशी बोटाने, पण फुलांना न लावता, त्यांनी चारी फुले मोजली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कापल्यावर उमललं?"

"हो. पाण्यात होतं ना."

"बघ," त्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "कापल्यावर उमललं." आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की गेल्या तीन महिन्यांत आम्ही तो तसा पाहिलेला नव्हता. पलीकडच्या वर्गातल्या बायका वळून बघायला लागल्या. पिवळी चिठ्ठी त्यांनी नीट घडी घालून आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. ती न्यायची नसते, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. चिटणीसबाईंनाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामान उचलायला गेले तेव्हा भांड्यात फुलांचे काही राहिले नव्हते. मी फांद्या कचऱ्याच्या बादलीत टाकणार, तोच घरून निघताना सासूबाईंनी दिलेली ताकीद आठवली : "काड्या परत आण. टाकू नकोस." मी त्या ओल्या रुमालात गुंडाळून आणल्या. त्यांनी प्रत्येकीचा खालचा तिरका काप नखाने पाहिला, "कात्री चांगली चालवलीस," म्हणाल्या, आणि तिन्ही काड्या कुंड्यांत रोवून मोरीशेजारी सावलीत ठेवल्या. माझ्या इकेबानाबद्दल घरात मिळालेले हे पहिले नि शेवटचे प्रशस्तिपत्रक.

मार्चमध्ये आम्ही बंगला सोडला. सोनचाफा तोडायला माणसे आली त्या दिवशी मी मुद्दामच कॉलेजात जादा तास लावून घेतला. घरी कोण होते नि काय झाले ते मी विचारले नाही. खिडकीबाहेरच्या जास्वंदीसाठी वेगळी माणसे आली नाहीत. भिंत पडली तिच्याखाली ती गेली, असे मागाहून कळले.

आता आम्ही चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो. गॅलरी चार फूट रुंद. तिच्यात वाळत घालायच्या दोऱ्या आणि दोन कुंड्या. तीन काड्यांपैकी एक कुजली. दोन्हींनी मुळे धरली, पावसाळ्यात पाने फुटली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी डावीकडचीला कळी धरली. ती तशीच झाडावर ठेवायची असे आमचे न बोलता ठरले होते. पण तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ते फूल तोडले आणि गणपतीला वाहिले. बागेचे कायदे गॅलरीला पूर्ण लागू नसावेत.

परवा नव्या प्रदर्शनाचे पत्रक आले. मी ते टेबलावर टाकून वह्या तपासायला बसले होते. सासूबाईंनी ते उचलले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढले. मी गेल्या वेळी वाचले नव्हते तेवढे.

"यात वेणीचा पण वर्ग आहे," त्या म्हणाल्या. "नववा. 'सुईचा वापर न करता.'"

"हो का?"

"सुई लागते कशाला वेणीला?" त्यांनी पत्रक उलटे करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटे केले. "फॉर्म एकच आणलास?"